वेल्समधील चर्चच्या आवारातला मध्ययुगीन मृत्युलेख कसा वाचावा

वेल्सच्या नैऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशरमध्ये, नेव्हर्न नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या संत ब्रिनाख यांच्या चर्चच्या फाटकातून आत शिरले की जुन्या, सदाहरित यू वृक्षांच्या सावलीतून वाट थेट द्वारमंडपापर्यंत जाते, आणि त्या द्वारमंडपाजवळच एक खडबडीत दगड उभा आहे. बहुतेक पाहुणे ज्याच्या खोडातून तांबडा रस झिरपतो तो यू वृक्ष पाहतात, दहाव्या-अकराव्या शतकातला सुमारे चार मीटर उंचीचा कोरीव क्रूस पाहतात आणि या दगडाला वळसा घालून आत जातात. हा दगड मात्र त्या क्रुसापेक्षा चार-पाचशे वर्षांनी जुना आहे. त्यावर पाचव्या किंवा सहाव्या शतकात कोणीतरी एका माणसाचे नाव दोन लिप्यांमध्ये कोरून ठेवले असून ते आजही वाचता येते.

ते कसे वाचावे, हेच या लेखात सांगायचे आहे. वेल्समध्ये अशा कोरीव स्मृतिशिला अनेक चर्चच्या आवारात उभ्या आहेत किंवा आत भिंतींत बसवलेल्या आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला सुटीच्या एका दिवसात त्यांतली एखादी सहज गाठता येते. त्यासाठी लॅटिनचा पंडित असण्याची गरज नाही. दहा-बारा शब्द, उजेडाची समज आणि एक शिस्त एवढे पुरते. ती शिस्त अशी: जे दिसते ते आधी लिहावे आणि जे ठाऊक आहे ते नंतर आठवावे. लेख वाचणाऱ्यांच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

निघण्यापूर्वी

वेल्सच्या प्राचीन व ऐतिहासिक वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या शाही आयोगाचा ‘कोव्हलाइन’ नावाचा खुला माहितीसाठा आहे. गावाचे नाव घालून शोधले की चर्च, दगड आणि त्याची नेमकी जागा कळते. वेल्श आणि इंग्रजी अशी दोन्ही नावे टिपून घ्यावीत, कारण नकाशावर, पाटीवर आणि स्थानिकांच्या बोलण्यात वेगवेगळी नावे येतात. नेव्हर्नचे वेल्श नाव ‘नानहव्हेर’ आहे, हे ठाऊक नसले तर फाट्यावरची पाटी पाहून माणूस गोंधळतो. दगड आवारात आहे की चर्चच्या आत, हे आधीच पाहून ठेवावे. पुष्कळ दगड ऊन-पावसापासून वाचवण्यासाठी आत नेलेले आहेत आणि लहान गावांतली चर्च कधीकधी कुलूपबंद असतात, तेव्हा किल्ली कोणाकडे मिळेल याची चौकशी करूनच निघावे.

एक गोष्ट मात्र मुद्दाम टाळावी. दगडावरच्या लेखाचे छापील वाचन आधी पाहू नये. ते छापून पाकिटात बंद करून सोबत न्यावे आणि स्वतःची नक्कल पूर्ण झाल्यावरच उघडावे. एका चर्चच्या आवारात मी हा नियम मोडला होता. वाचन आधी पाठ करून गेलो, दगडावर पाच अक्षरे मला स्पष्ट दिसली आणि मी ती आनंदाने उतरवून घेतली. घरी येऊन तिरप्या उजेडातली छायाचित्रे पाहिली, तर त्यांतल्या दोन अक्षरांच्या जागी नुसता टवका उडालेला होता. ती दोन अक्षरे माझ्या पाठांतराने तिथे आणून ठेवली होती.

सामान थोडेच लागते: चौकटींचा कागद, पेन्सिल (पावसाचे थेंब पडल्यावर शाई पसरते), मोजपट्टी, होकायंत्र, चांगला टॉर्च, उजेड अडवायला काळे कापड किंवा मोठी छत्री, आणि ओल्या गवतावर गुडघे टेकायला एखादी चटई. कॅमेरा असल्यास तिवई न्यावी.

दगडाला हात न लावता

महाराष्ट्रात शिलालेखाचा ठसा घेण्याची जुनी पद्धत आहे. ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशने ठोकतात आणि वर शाई फिरवतात, म्हणजे कोरलेली अक्षरे पांढरी उमटतात. प्रशिक्षित हातांनी, परवानगीने केलेले ते काम मोलाचे आहे. पण वेल्समधील या दगडांवर पाहुण्याने तसा प्रयत्न करू नये. यांतले अनेक दगड कायद्याने संरक्षित स्मारके आहेत, ‘कादू’ ही वेल्स सरकारची वारसा-संस्था त्यांची काळजी घेते, आणि चर्चच्या आवारातील कोणत्याही वस्तूला हात लावायचा तर चर्चचीही संमती लागते. त्यातही मुख्य गोष्ट अशी की दीड हजार वर्षे उघड्यावर राहिलेल्या दगडाचा पृष्ठभाग आतून पोकळ, पापुद्र्यासारखा झालेला असू शकतो आणि ब्रशच्या एका फटक्यात अर्धे अक्षर निघून येऊ शकते.

खडूने अक्षरे भरून छायाचित्र काढण्याची सवयही अशीच घातक आहे. आपल्याकडे गावोगावच्या वीरगळांना आणि शिलालेखांना ऑइलपेंट फासलेला आपण पाहतो. भाविकाचा हेतू चांगला असतो, पण रंगवणाऱ्याला जे अक्षर वाटले तेच पुढे कायमचे दिसत राहते आणि खालचे खरे अक्षर झाकले जाते. खडूही तेच करतो. दगडावर करडे, पिवळे, नारिंगी असे दगडफुलाचे ठिपके असतात. गोड्या मसाल्यात पडते त्याच कुळातले हे. ते खरवडण्याचा मोह आवरावा, कारण दगडफुलाचे बारीक तंतू दगडाच्या कणांत शिरलेले असतात आणि ते ओढताना कणही निघतात. हलके शेवाळही तसेच राहू द्यावे. झाकलेले अक्षर ‘झाकलेले’ म्हणून नोंदवणे हेदेखील वाचनच आहे.

आवारात आजही दफने होतात, याचे भान ठेवावे. नव्या थडग्यांवर पाय पडू देऊ नये, सामान त्यांच्यावर टेकवू नये आणि प्रार्थनेच्या वेळी टॉर्च व तिवई घेऊन दारात उभे राहू नये.

उजेड

सारे काम उजेडावर अवलंबून आहे, म्हणून या भागाला घाई करू नये. झिजलेल्या अक्षराची खोली काही ठिकाणी एक-दोन मिलिमीटरच उरलेली असते. समोरून उजेड पडला तर खोबणीत सावली पडत नाही आणि अक्षर नाहीसे होते. उजेड दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ चाटून गेला पाहिजे, म्हणजे दिवाळीत जमिनीलगत ठेवलेल्या पणतीच्या उजेडात शेणाने सारवलेल्या अंगणातली बोटांची वळणे उठून दिसतात तसे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सकाळी किंवा संध्याकाळी जावे, सूर्य खाली असतो’ असा सल्ला सर्रास दिला जातो. जमिनीवर आडव्या पडलेल्या शिळेसाठी तो बरोबर आहे. उभ्या दगडासाठी सूर्य किती खाली आहे यापेक्षा तो कोणत्या बाजूला आहे हे महत्त्वाचे असते. दक्षिणेकडे तोंड केलेला उभा दगड डिसेंबरमध्ये भर दुपारी पाहिला तर वेल्समध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंशांवर असतो खरा, पण तो अगदी समोर असतो आणि दगड सपाट दिसतो. त्याच दगडाला उन्हाळ्यात सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना चाटता उजेड मिळतो. पूर्वाभिमुख दगडाची वेळ याहून वेगळी, दुपारची. सूर्य दक्षिणेला पोहोचण्याआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात ऊन त्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाते आणि मग अचानक संपते. पेम्ब्रोकशर ग्रिनिचच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे एक तास पुढे केलेल्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे तिथे सूर्य दक्षिणेला येतो तो बारा वाजता नव्हे, दुपारी सव्वाएकनंतर. होकायंत्राने दगडाचे तोंड पाहून हा हिशेब आधीच करून ठेवला तर फेरी वाया जात नाही. उत्तराभिमुख दगडाला बहुतेक वर्षभर ऊन मिळत नाही. ढगाळ दिवशी सगळ्याच दगडांची ती गत होते, आणि वेल्समध्ये ढगाळ दिवस काही कमी नसतात.

अशा वेळी टॉर्च. साथीदाराने काळे कापड किंवा छत्री धरून दगडावरचा आकाशाचा उजेड अडवावा, आपण टॉर्च पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरावा आणि तो दगडाभोवती हळूहळू फिरवावा. टॉर्च फिरवणे अत्यावश्यक आहे, कारण उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही. डावीकडून उजेड टाकला तर उभ्या रेघा उठतात आणि आडव्या बुडतात. वरून टाकला तर याच्या उलट होते. एका बाजूच्या उजेडात ‘एफ’ हे रोमन अक्षर ‘आय’ दिसते आणि ‘ई’देखील ‘आय’च दिसते. म्हणून एकाच दिशेच्या उजेडातल्या वाचनावर कधीही विसंबू नये. निदान आठ दिशांनी पाहावे. तिवईवर कॅमेरा न हलवता ठेवून आठही दिशांच्या उजेडात एकेक छायाचित्र काढले, तर घरी ती एकामागून एक पाहताना दगडावर न दिसलेल्या रेघा सापडतात. संशोधक हेच काम अधिक काटेकोरपणे, डझनावारी दिशांनी उजेड टाकून आणि संगणकाने ती छायाचित्रे जुळवून करतात.

ढगाळ दिवसाचा एक फायदाही आहे. सगळीकडून सारखा उजेड असल्यामुळे दगडाभोवती फिरत, एकमेकांवर बरीच चढणारी पन्नास-साठ छायाचित्रे काढली तर त्यांपासून संगणकावर दगडाची त्रिमितीय प्रतिकृती तयार करता येते आणि मग हवा तसा कृत्रिम उजेड घरबसल्या टाकता येतो.

रेघ कोरलेली आहे की निसर्गाची

आता कागद घ्यावा आणि दगडाची बाह्यरेषा मापाने काढावी. मग दिसणारी प्रत्येक रेघ, ती अक्षर आहे की नाही याचा विचार न करता, तिच्या जागी मांडावी. कोरलेल्या रेघेची रुंदी साधारण सारखी राहते, ती ठरावीक जागी सुरू होऊन ठरावीक जागी थांबते आणि जवळून पाहिल्यास अनेकदा छिन्नीच्या टोकाने पाडलेल्या खळग्यांची माळ दिसते. नैसर्गिक भेग बारीक होत जाते, दगडाच्या कडेपर्यंत धावते आणि तिच्या शेजारी तशाच दिशेच्या आणखी भेगा असतात.

दगडाचे पुढचे आयुष्यही लक्षात ठेवावे. जवळच्याच सेंट डॉगमेल्स गावातील चर्चमध्ये असलेला, साग्रानुस नावाच्या माणसाचा स्मृतिदगड एके काळी ओढ्यावरचा पूल म्हणून वापरात होता, असे सांगतात. अनेक दगड फाटकाचे खांब झाले, त्यांना बिजागऱ्यांसाठी भोके पाडली गेली. काही भिंतीत चिणले गेले आणि त्यासाठी त्यांच्या कडा तोडल्या गेल्या. कडेवरचे अक्षर अर्धवट दिसले तर ते मुळात तसेच होते की नंतर तुटले, हे बाजूच्या तोडीवरून ठरवावे.

लॅटिन: मुलगा शोधा

पाचव्या ते सातव्या शतकांतले लेख थोडक्या शब्दांचे असतात आणि रोमन मोठ्या अक्षरांत असतात. लेखाची दिशा आधी ठरवावी. यांतल्या पुष्कळ दगडांवर रोमन लेख उभा, वरून खाली जाणारा असतो, म्हणून मान उजवीकडे कलवून वाचावे लागते. अक्षरांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ‘यू’ नावाचे वेगळे अक्षर नसते, त्याच्या जागी ‘व्ही’ असते. दोन अक्षरे एकमेकांना चिकटवून एक केलेली असतात, काही उलटी पडलेली असतात. एक खूण मात्र फार उपयोगी आहे: शब्दाच्या शेवटचा ‘आय’ अनेकदा आडवा, निजलेला कोरतात. बाजूच्या उजेडात हाच आडवा ‘आय’ बुडतो आणि नवखा वाचणारा शब्दाचा शेवट गमावतो.

आता सगळी अक्षरे ओळीने वाचण्याचा हट्ट धरू नये. आधी ‘फिली’ हा शब्द शोधावा. त्याचा अर्थ ‘मुलाचा’. तो सापडला की लेखाचा कणा हाती आला, कारण त्याच्या आधी मृताचे नाव असते आणि त्याच्या नंतर बापाचे. साग्रानुसच्या दगडावर ‘साग्रानी फिली कुनोतामी’ एवढाच मजकूर आहे: ‘कुनोतामुसचा मुलगा साग्रानुस याचा’. याचा म्हणजे काय? दगड, स्मारक, देह. जे समोर उभे आहे ते सांगण्याची गरज कोरणाऱ्याला वाटली नाही. नावे षष्ठीत असण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये. सातवाहनांच्या नाण्यांवर ‘रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस’ असे लिहिलेले असते, म्हणजे ‘राजा गौतमीपुत्र श्रीयज्ञ सातकर्णी याचे’, आणि ‘नाणे’ हा शब्द तिथेही नसतो. तिथे शेवटचा ‘स’ जे सांगतो ते इथे शेवटचा ‘ई’ सांगतो.

दुसरी खूण म्हणजे ‘हिक याकित’, ‘येथे पहुडला आहे’. शुद्ध लॅटिनमध्ये ‘याकेत’ हवे. पण या दगडांवर ‘याकित’ असेच येते आणि ते तसेच उतरवावे, दुरुस्त करू नये. ही ‘चूक’ आपल्याला त्या काळी लोक प्रत्यक्ष कसे बोलत होते ते सांगते, म्हणून ती मला शुद्ध रूपापेक्षा मोलाची वाटते. उत्तर वेल्समधील पेनमाख्नो येथील चर्चमधल्या एका दगडावर काराउसिउस नावाचा माणूस ‘या दगडांच्या राशीत’ पहुडल्याचे लिहिले आहे, आणि तिथलेही लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकातले नाही.

स्त्री असेल तर ‘फिलिया’ येते. पोविसमधील लानेरव्हिल गावचा दगड पूर्वी आवारातल्या यू वृक्षाखाली होता, आता तो चर्चच्या आत आहे. मुलीच्या नावाची काही अक्षरे गेली आहेत. ते रुस्तिका असावे असे मानतात. पुढचे सारे वाचता येते: या थडग्यात पातेर्निनुसची मुलगी पहुडली आहे, वय तेरा वर्षे, शांती लाभो. वय रोमन आकड्यांत आहे, एक ‘एक्स’ आणि तीन उभ्या रेघा. ज्या काळात बहुतेक दगडांवर नुसती नावे कोरली गेली, त्या काळात एका बापाने मुलीची वर्षे मोजून दगडावर ठेवली. या तीन उभ्या रेघा वाचताना वरच्या उजेडावर भागत नाही. टॉर्च बाजूला न्यावा लागतो. त्या नीट मोजाव्यात आणि दोनदा मोजाव्यात.

नेव्हर्नच्या आवारातल्या दगडावर ‘फिली’ नाही. तिथे दोनच शब्द आहेत: ‘व्हितालिआनी एमेरेतो’. पहिला शब्द ‘व्हितालिआनुसचा’. दुसऱ्या शब्दाचा संबंध सेवा पुरी करून निवृत्त झालेल्या सैनिकासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एमेरितुस’ या लॅटिन शब्दाशी जोडला जातो. रोमन सत्ता बेटावरून गेल्यानंतरच्या पिढ्यांत, पश्चिमेच्या या कोपऱ्यात, कोणाला तरी असा रोमन शब्द नावापुढे मिरवावासा वाटला असेल, तर ती गोष्ट विचार करायला लावणारी आहे. मात्र वहीत ‘निवृत्त सैनिक’ असे लिहू नये. वहीत फक्त अक्षरे लिहावीत. अर्थ वेगळ्या पानावर.

ओगम: कडेवरची लिपी

या दगडाच्या कडेवर ज्या खाचा दिसतात ती ओगम लिपी आहे. ती मूळची आयर्लंडची. आयरिश लोक समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर वसले, म्हणून नैऋत्य वेल्समध्ये ओगम लेख अधिक आढळतात. दगडाची कड हीच या लिपीची शिरोरेषा, आणि लेख खालून वर चढतो. नवख्याने घाबरू नये. चार गट आणि प्रत्येक गटात पाच अक्षरे, एवढेच लक्षात ठेवायचे आहे, आणि एक ते पाचपर्यंत मोजता आले की वाचता येते.

कडेसमोर उभे राहून खालून वर पाहावे. कडेच्या उजवीकडे एक ते पाच रेघा असतील तर अनुक्रमे ब, ल, व्ह, स, न. डावीकडे असतील तर ह, द, त, क, क्व. कड ओलांडून तिरप्या जाणाऱ्या असतील तर म, ग, एनजी, झेड, र. आणि कडेवरच छोट्या खाचा असतील तर स्वर: आ, ओ, उ, ए, इ.

व्हितालिआनुसच्या नावावर हे करून पाहावे. उजवीकडे तीन रेघा, व्ह. कडेवर पाच खाचा, इ. डावीकडे तीन रेघा, त. एक खाच, आ. उजवीकडे दोन रेघा, ल. मग पाच खाचा, इ, आणि लगेच एक खाच, आ. उजवीकडे पाच रेघा, न. शेवटी पाच खाचा, इ. एकूण तीस खुणा आणि नऊ अक्षरे. यात अडचणीची जागा मधली आहे: ‘इ’च्या पाच आणि ‘आ’ची एक अशा सहा खाचा लागोपाठ येतात. सहा खाचांचे अक्षर ओगममध्ये नाही, म्हणून तिथे तोडायचे हे नक्की, पण पाच-एक तोडायचे की एक-पाच, की तीन-तीन? याचे उत्तर खाचांमधल्या अंतरात असते. म्हणून नुसती संख्या न लिहिता प्रत्येक दोन खाचांमधले अंतर मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये लिहावे. स्वरांच्या खाचा कडेवर असल्यामुळे सर्वांत आधी त्याच झिजतात. व्यंजने शिल्लक आणि मधले स्वर गेलेले, असे वारंवार दिसते. तेव्हा रिकाम्या जागेची लांबी लिहून ठेवावी, कारण ‘आ’ला लागणाऱ्या जागेत ‘इ’ मावत नाही. रेघा कडेला आडव्या असल्यामुळे ओगमसाठी टॉर्च वरून किंवा खालून धरावा.

ओगममध्ये ‘मुलाचा’ हा शब्द ‘माक्वी’ असा येतो. आजच्या आयरिश आडनावांमधला ‘मॅक’ तो हाच. साग्रानुसच्या दगडावर ओगममध्ये ‘साग्राग्नी माक्वी कुनातामी’ आहे. म्हणजे ‘फिली’च्या जागी ‘माक्वी’ बसतो, आणि याच समांतर मजकुरामुळे एकोणिसाव्या शतकात ओगम वाचण्याची किल्ली पडताळून पाहता आली. आता हाताशी एक लिपी असली की दुसरी आपोआप कळते, असे मात्र समजू नये. कास्तेल द्विरान येथून मिळालेला आणि आता आबेरग्विलीच्या संग्रहालयात असलेला दगड पाहावा: लॅटिनमध्ये ‘व्होतेपोरिगिस’ आणि ओगममध्ये ‘व्होतेकोरिगास’. जुन्या आयरिशमध्ये ‘प’ हा ध्वनी नव्हता, म्हणून ‘क’ आला आणि शेवटचा प्रत्ययही बदलला. लॅटिन पाहून ओगमची अक्षरे भरणारा माणूस येथे हमखास चुकेल, आणि दोन भाषा बोलणाऱ्या समाजाची एवढी सुंदर खूण त्याच्या हातून पुसली जाईल.

सराव हवा असेल तर नेव्हर्नच्या चर्चच्या आत जावे. दक्षिणेकडच्या भागात खिडकीच्या तळाशी एक दगड आडवा बसवलेला आहे: ‘माग्लोकुनी फिली क्लुतोरी’, आणि कडेवर तेच ओगममध्ये. इथे दगड निजलेला आहे, म्हणून ‘खालून वर’ म्हणजे कोणत्या टोकाकडून, हे आधी ठरवावे लागते.

नंतरच्या शतकांतले दगड

सातव्या शतकात अक्षरांची वळणे बदलू लागतात. अँगलसी बेटावरील लानगाद्वालाद्र येथील चर्चच्या भिंतीत बसवलेल्या दगडावर ग्विनेथचा राजा काद्वान याला ‘सर्व राजांमध्ये सर्वांत ज्ञानी, सर्वांत नामांकित’ म्हटले आहे. तिथे मोठ्या अक्षरांत हस्तलिखितातली गोलसर अक्षरे मिसळलेली आहेत. असे मिश्रण दिसले की आपण पुढच्या काळात आलो, हे ओळखावे. नंतर क्रूस आणि गुंफलेल्या पट्ट्यांची नक्षी वाढते, लेख आखूड होतो किंवा नाहीसाच होतो. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या आडव्या शिळांवर ‘हिक याकेत’ आता शुद्ध लिहिलेले असते आणि ‘ज्याच्या आत्म्यावर ईश्वर कृपा करो’ असे लांब वाक्य कडेने फिरते. लँगॉलेनजवळच्या व्हॅले क्रुसिस मठातील, १३०६ साली मरण पावलेल्या मादोगची शिळा अशीच आहे. वेल्श बंडाचा नायक ओवाइन ग्लिंदूर याचा हा पणजोबा. या काळात ‘फिली’ची जागा कुठे ‘फिलिउस’चे संक्षिप्त रूप घेते, तर कुठे वेल्श ‘आप’. अर्थ तोच, मुलगा.

ताडून पाहणे

नक्कल पुरी झाली की आवारातच बसून ती स्वच्छ उतरवावी. निश्चित अक्षर साधे लिहावे, शंकास्पद अक्षराखाली टिंब द्यावे, गेलेल्या अक्षरांसाठी चौकटी कंसात तेवढी टिंबे द्यावीत आणि संक्षेप सोडवून लिहिलेला भाग गोल कंसात टाकावा. आता पाकीट उघडावे. छापील वाचनाशी फरक निघाला तर लगेच स्वतःचे खोडू नये आणि लगेच पंडितांनाही खोडू नये. टॉर्च घेऊन पुन्हा दगडापाशी जावे आणि त्या एका अक्षराकडे आठ दिशांनी पाहावे. तरीही फरक उरला तर दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवावीत.

आपल्यासारख्या पाहुण्याच्या नोंदीला काय किंमत, असे वाटू शकते. व्हॅले क्रुसिसजवळच्या माळावर नवव्या शतकातला एलिसेगचा स्तंभ उभा आहे. त्याच्यावर लॅटिनच्या एकतीस ओळी होत्या. आज त्यांतली एकही ओळ डोळ्यांनी वाचता येत नाही. आपल्याला तो मजकूर ठाऊक आहे तो केवळ एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकाने १६९६ साली त्याची नक्कल करून ठेवली म्हणून. त्या वेळीही काही भाग झिजलेला होता आणि लुइडने तिथे कल्पनेने अक्षरे भरली नाहीत; म्हणूनच त्याची नक्कल आज पुरावा म्हणून उभी राहते.

तेव्हा पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, हवा, दगडाच्या तोंडाची दिशा आणि उजेड कोणत्या बाजूने होता हे लिहावे. छायाचित्रांना तेच क्रमांक द्यावेत. दगडावर नवा टवका, ताजी ओरखड किंवा कोणी फासलेला रंग दिसला तर चर्चच्या व्यवस्थापकांना आणि ‘कादू’ला छायाचित्रासह कळवावे. आणि निघण्यापूर्वी गवतावर राहिलेली पेन्सिल, कापड, मोजपट्टी गोळा करून, ज्या यू वृक्षांखालून आलो त्याच वाटेने फाटक लोटून बाहेर पडावे.